तापात एक बाजू लुळी पडली, तर तो अशक्तपणा नसतो

उमरेडजवळच्या एका गावातून आलेला प्रश्न असा आहे: "माझे काका ६१ वर्षांचे. बीपीची गोळी चालू आहे, साखर थोडी वाढलेली. जानेवारीत सर्दी, खोकला आणि १०२ ताप आला, तपासणीत इन्फ्लुएंझा निघाला. पाचव्या दिवशी सकाळी चहाचा कप उजव्या हातातून सुटला आणि बोलणं अडखळायला लागलं. तापाचा अशक्तपणा असेल म्हणून गावातच सलाईन लावली. संध्याकाळी नागपूरला आणलं तेव्हा एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा बंद झालेला दिसला. फ्लूमुळे लकवा होतो का? लवकर आणलं असतं तर ताप असताना ते गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता आलं असतं का? गोळ्या किती दिवस घ्यायच्या? घरात ७८ वर्षांची आजीही आता खोकते आहे. तिला कसं जपायचं?"

हो, होतो. सर्दी-ताप-खोकल्याच्या विषाणूंमुळे स्ट्रोक, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा बंद पडून किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन येणारा लकवा, येऊ शकतो आणि हे आता नुसत्या अंदाजाचं बोलणं राहिलेलं नाही. ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याच माणसांचा संसर्गाचा काळ आणि त्यांचाच एरवीचा काळ एकमेकांशी ताडून पाहिला होता. श्वसनमार्गाच्या संसर्गानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत स्ट्रोकचा धोका तिपटीहून थोडा जास्त आणि हार्ट अटॅकचा जवळपास पाचपट निघाला. पुढच्या काही आठवड्यांत तो हळूहळू ओसरला. काकांना पाचव्या दिवशी त्रास झाला, ते यात बसतं.

तिप्पट हा आकडा वाचून दर सर्दीला धसका घेण्याचं मात्र कारण नाही. धडधाकट तिशीतल्या माणसाला एखाद्या ठरावीक आठवड्यात स्ट्रोक येण्याची शक्यता मुळातच इतकी कमी असते की तिची तिप्पट केली तरी ती कमीच राहते. ज्याला बीपी आहे, साखर आहे, तंबाखू-खर्रा सुटलेला नाही, हृदयाचे ठोके अनियमित आहेत किंवा आधी एकदा झटका येऊन गेला आहे, त्याच्यासाठी ही तिप्पट जड असते. आपल्या भागात खर्ऱ्याचं प्रमाण किती आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. माझ्या ओपीडीत पन्नाशीच्या आत लकवा आलेल्या पुरुषांना पहिला प्रश्न मी खर्ऱ्याचा विचारतो, दुसरा बीपीचा.

हे नेमकं घडतं कसं? विषाणू मेंदूत शिरून रक्तवाहिनी बंद करतो असं बहुतेक वेळा होत नाही. संसर्गाशी लढताना शरीरात जी दाहाची लाट उठते, ती रक्ताला गोठण्याकडे ढकलते. यकृत फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन जास्त बनवतं, प्लेटलेट्स चिकट होतात, पांढऱ्या पेशी आपल्या आतले धागे बाहेर टाकतात आणि त्या जाळ्यात गुठळी धरायला सोपं जातं. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर एरवी गुळगुळीत राहून रक्त गोठू देत नाही. दाहाच्या काळात तेच अस्तर गोठण्याला मदत करू लागतं. मानेतल्या कॅरोटिड धमनीत वर्षानुवर्षं साचलेला चरबीचा थर असेल, तर त्याचं वरचं पापुद्र्यासारखं आवरण या दाहात फाटू शकतं. ते फाटलं की तिथे गुठळी बसते, तिचा तुकडा सुटतो आणि रक्ताबरोबर मेंदूत जातो. फुप्फुसावर ताण येऊन रक्तातला ऑक्सिजन घसरला तर हृदयावरही ताण येतो. काहींचे ठोके या दिवसांत पहिल्यांदाच बिघडतात. त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरत राहतो, तिथे रक्त साकळतं, आणि तिथून निघालेली गुठळी सहसा मोठी असते.

विषाणूच्या बाजूने एवढं. बाकीचं घरात घडतं आणि ते टाळता येतं. तापात तोंडाला चव नसते, पाणी कमी जातं, घाम येतो, त्यात उलट्या झाल्या तर रक्त दाट होतं. "काही खाल्लंच नाही तर गोळी कशी घेऊ" म्हणून बीपीची, कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवणारी गोळीही बंद होते. या शेवटच्या कारणाने आलेले रुग्ण पाहिले की मला फार वाईट वाटतं. ज्या आठवड्यात त्या गोळीची सगळ्यात जास्त गरज होती, नेमकी त्याच आठवड्यात ती डबीत पडून राहते. सर्दीच्या तयार गोळ्यांचंही एक आहे. नाक मोकळं करणारी फिनाइलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिनसारखी औषधं रक्तवाहिन्या आकसवतात आणि बीपी वाढवू शकतात. मेडिकलच्या काउंटरवरून "सर्दीची गोळी द्या" एवढंच म्हणून घेतलेल्या पाकिटात यातलं एखादं बहुतेक असतंच. ज्यांचं बीपी आटोक्यात नाही त्यांनी ती विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यात आपल्याकडची जानेवारीतली पहाट. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, तहान लागत नाही. फ्लूचा एक बहर आपल्याकडे पावसाळ्यात असतो आणि दुसरा याच थंडीत.

कोविडने हे सगळं मोठ्या प्रमाणावर दाखवलं. २०२० च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी दोन आठवड्यांत आलेल्या पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पाचही जण पन्नाशीच्या आतले होते, मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद झालेले. त्याच शहरातल्या दोन रुग्णालयांमध्ये नंतर फ्लू आणि कोविडची तुलना झाली. आपत्कालीन विभागात आलेल्या किंवा दाखल झालेल्या कोविड रुग्णांपैकी १.६ टक्क्यांना रक्तपुरवठा तुटून स्ट्रोक आला होता, तर फ्लूच्या रुग्णांत हे प्रमाण ०.२ टक्के होतं. म्हणजे फ्लूमध्येही होतो, कोविडमध्ये त्याहून बराच जास्त झाला.

नागपूरने २०२१ चे मार्च आणि एप्रिल पाहिले आहेत. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत खाटा नव्हत्या, धंतोली-रामदासपेठेतली खासगी रुग्णालयं भरून वाहत होती. त्या काळात स्ट्रोक ओळखणं किती अवघड होतं हे बाहेरच्यांना कळणार नाही. चेहऱ्यावर ऑक्सिजनचा मास्क घट्ट बांधलेला, त्यामुळे तोंड वाकडं झालेलं दिसत नाही. धाप लागल्यामुळे बोलणं तुटकच, म्हणून बोबडेपणा कळत नाही. रुग्ण पालथा झोपवलेला, त्यामुळे हात उचलतो की नाही ते कोणी पाहत नाही. व्हेंटिलेटरवर गुंगीत असलेल्यांचं तर गुंगीचं औषध थांबवल्यावरच कळायचं. एक हात नळी ओढायला वर यायचा आणि दुसरा तसाच पडून राहायचा. एका रुग्णाच्या बाबतीत खूण सापडली ती जेवणाच्या वेळी. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "सर, हे आजोबा घास गिळत नाहीत, डाव्या गालातच साठवून ठेवतात." मास्क बाजूला करून पाहिलं तर डावा ओठ खाली आला होता आणि डाव्या मुठीत जोर नव्हता. त्या सिस्टरची नजर तशी नसती, तर तो अख्खा दिवस "ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून सुस्त आहेत" यातच गेला असता.

त्याच लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे रुग्ण विदर्भात मोठ्या संख्येने आले. नाकातून डोळ्यामागे गेलेली ती बुरशी मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीच्या भिंतीत शिरते आणि ती बंद करते. नाकाचं ऑपरेशन ठीक झालं आणि दोन दिवसांनी एक बाजू गेली असे रुग्णही आम्ही पाहिले. साखर वाढलेली असताना स्टेरॉइडच्या वापराने त्या आजाराला वाट करून दिली होती. म्हणून आजही कोणी साध्या व्हायरल खोकल्यासाठी स्वतःच्या मनाने स्टेरॉइडची गोळी घेताना दिसलं की मी लगेच थांबवतो.

आता तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी येतो. काकांच्या बाबतीत वेळ गेला तो तापाने सगळ्यांची नजर वेगळीकडे वळवल्यामुळे. यात तुमच्या घरच्यांना दोष देण्यासारखं काही नाही. एरवी ठणठणीत माणसाचा हात अचानक लुळा पडला तर घर हादरतं. चार दिवस तापाने पडलेल्या माणसाच्या हातून कप सुटला, तर "बाबाले अशक्तपणा आला, काही खाऊनच नाही राहिले" असं वाटणं साहजिक आहे. पण एक फरक पक्का लक्षात ठेवा. तापाचा अशक्तपणा दोन्ही बाजूंना सारखा येतो. दोन्ही हात जड, दोन्ही पाय गळाल्यासारखे, आवाज खोल गेलेला पण शब्द नीट. एकाच बाजूचा हात किंवा पाय गेला, चेहऱ्याची एकच बाजू खाली आली, शब्द सापडेनासे झाले किंवा बोबडे झाले, तर ते तापाचं लक्षण नाही, मग ताप १०४ असो. तसंच अचानक एका बाजूचं दिसेनासं होणं, तोल जाऊन एकाच बाजूला झुकणं, आयुष्यात कधी नव्हतं इतकं डोकं दुखणं.

घरी हे तपासायला अर्धं मिनिट लागतं. आजाऱ्याला उठवून बसवा, दात दाखवायला सांगा. दोन्ही हात समोर, तळवे वर करून, डोळे मिटून धरायला सांगा आणि दहापर्यंत मोजा. एक हात हळूहळू खाली सरकत आतल्या बाजूला वळायला लागला, तर तो इशारा आहे, मग आजारी माणूस कितीही "मी ठीक आहे" म्हणो. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्यांना कित्येकदा आपला डावा हात चालत नाही हे जाणवतच नाही. एक पूर्ण वाक्य म्हणायला सांगा, काहीही चालेल, "आज गुरुवार आहे आणि बाहेर थंडी आहे" एवढंही पुरे. घरात ताप आलेला ज्येष्ठ माणूस असेल तर सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावताना हे करून घ्यावं. मला तर वाटतं, तापाच्या चार्टवर पल्स आणि ऑक्सिजनच्या रकान्यांशेजारी "दोन्ही हात सारखे?" असा एक रकाना असायला हवा, घरी आणि वॉर्डातही.

स्ट्रोकसारखं दिसणारं पण स्ट्रोक नसलेलं काही याच दिवसांत होतं, तेही सांगतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आणि जेवण बंद, अशा वेळी साखर फार खाली गेली तर माणूस बोबडं बोलतो, क्वचित एक बाजूही ढिली पडते. म्हणून ग्लुकोमीटर असेल तर आधी एक टोचून पाहा. तसंच सर्दीनंतर कधीकधी चेहऱ्याची एक बाजू पडते, त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. त्यात कपाळावर आठ्या पडत नाहीत आणि डोळा पूर्ण मिटत नाही, हातपाय आणि बोलण्यातले शब्द मात्र शाबूत असतात. स्ट्रोकमध्ये सहसा कपाळ वाचतं. तरीही हा निवाडा घरी बसून करायचा नाही, तो डॉक्टरवर सोडा. ज्येष्ठांना तापात भ्रम होतो, ते बरळतात, दिवसरात्र ओळखत नाहीत. त्याचं कारण बहुतेक वेळा संसर्ग, सोडियम कमी होणं किंवा औषधं असतं. पण बरळणारा माणूस शब्दच चुकीचे वापरतोय, विचारलेलं त्याला कळतच नाही आणि हे एकाएकी सुरू झालंय, असं दिसलं तर स्कॅन झाल्याशिवाय मी त्याला भ्रम म्हणत नाही.

ताप आणि स्ट्रोक एकत्र दिसले की आमच्या मनात तीन शक्यता येतात, आणि उपचार त्यांवर ठरतात. संसर्ग आधी आणि त्याने स्ट्रोक आणला, जसं काकांचं. किंवा स्ट्रोक आधी आला, गिळणं बिघडलं, पाणी आणि लाळ श्वासनलिकेत गेली आणि मग न्यूमोनिया होऊन ताप आला. नातेवाईक सांगतात "आधी ताप होता", पण नीट विचारलं की कळतं, पहिल्या दिवशी पाणी पिताना ठसका लागत होता, ताप दुसऱ्या दिवशी आला. तिसरी शक्यता सगळ्यात फसवी आहे, ती म्हणजे दोन्हींच्या मागे एकच तिसरा आजार. हृदयाच्या झडपेवर जंतूंची वाढ झाली असेल तर आठवडेच्या आठवडे बारीक ताप राहतो आणि झडपेवरचा तुकडा सुटून मेंदूत जातो. तिथे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मेंदूच्या आवरणाच्या क्षयातही रक्तवाहिन्या सुजून बंद पडतात. आपल्या भागात हे दुर्मीळ नाही, विशेषतः तरुणांमध्ये. म्हणून तापाचा इतिहास सांगताना तो किती दिवसांचा आहे, रोज संध्याकाळी येतो का, वजन घटलं का, लहानपणी सांधे सुजून हृदयाचा त्रास झाला होता का, हे न विचारताही सांगा. चार दिवसांचा फ्लू आणि दीड महिन्याचा ताप, यात आमच्यासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे.

इंजेक्शनबद्दल. फ्लू, कोविड किंवा साधा व्हायरल ताप असणं हे गुठळी विरघळवणारं औषध न देण्याचं कारण नाही. अल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देता येतं. आधी सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहावं लागतं, बीपी १८५/११० च्या खाली आणावं लागतं, साखर पाहावी लागते. काकांना सकाळीच थेट आणलं असतं तर ते बहुधा या मुदतीत बसले असते. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर मांडीतून तार घालून गुठळी ओढून काढता येते. ते सहा तासांपर्यंत, आणि स्कॅनमध्ये वाचवण्याजोगा मेंदू शिल्लक दिसला तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत. म्हणून संध्याकाळी पोहोचलेल्या माणसालाही "आता उशीर झाला" म्हणून परत पाठवणं बरोबर नाही, सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन, करून पाहावंच. कोविडच्या काळात काहींमध्ये काढलेल्या जागी पुन्हा गुठळी धरायची, तो अनुभव कठीण होता. फ्लूच्या रुग्णांत मला तितकं दिसलेलं नाही.

वेळ मोजायची ती शेवटचं पूर्णपणे ठीक पाहिल्यापासून. रात्री दहाला नीट बोलून झोपले आणि सकाळी सहाला बाजू लुळी दिसली, तर सुरुवात रात्री दहाची धरतात. तरीसुद्धा लगेच निघा, कारण एमआरआय पाहून अशा काही रुग्णांनाही औषध देता येतं.

कुठे जायचं? जिथे २४ तास सीटी स्कॅन चालू आहे आणि हे इंजेक्शन दिलं जातं, अशा जवळच्या ठिकाणी. उमरेड, काटोल, सावनेर, रामटेक इथल्या लोकांसाठी ते बहुतेक नागपूरच आहे: मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स किंवा सोय असलेलं खासगी रुग्णालय. गडचिरोली किंवा गोंदियाकडच्यांनी मात्र नागपूर गाठायच्या नादात जिल्ह्याच्या ठिकाणचं सीटी ओलांडून पुढे येऊ नये. तिथे इंजेक्शन सुरू करून मग पुढे पाठवणं जास्त फायद्याचं ठरतं. १०८ ला फोन करताना "ताप आहे" असं सांगू नका, "अचानक एक बाजू गेली आहे, इतक्या वाजल्यापासून" असं सांगा. निघतानाच रुग्णालयालाही कळवा. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद असताना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. त्यामुळे तासाभराच्या रस्त्यात गावातल्या एका सलाईनसाठी थांबलेला अर्धा तास फार महाग पडतो.

त्या सलाईनबद्दल मनापासून सांगतो, कारण ही सवय विदर्भात खोल रुजली आहे. "ताकदीची बाटली" म्हणून लावतात ते बऱ्याचदा ग्लुकोजचं पाणी असतं. स्ट्रोकमध्ये साखर चढली की इजा झालेला मेंदू आणखी बिघडतो. साखर खाली गेल्याचं तपासून दिसल्याशिवाय ग्लुकोज देण्यात अर्थ नाही. बीपी २०० दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवून ते धाडकन उतरवू नका. त्या घडीला मेंदू त्या दाबावरच कसाबसा रक्त मिळवत असतो. अ‍ॅस्पिरिन घरी देऊ नका, कारण आतमध्ये रक्तस्राव आहे की गुठळी हे स्कॅनशिवाय कोणालाच सांगता येत नाही, आणि आपल्या देशात रक्तस्रावाच्या लकव्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे. पाणी, चहा, गोळी, काहीही तोंडातून नको, ते श्वासनलिकेत जाईल. कबुतराच्या रक्ताने मालिश आणि अमक्या गावचं झाडपाल्याचं औषध यांच्यामागे गेलेले रुग्ण दोन-तीन दिवसांनी माझ्याकडे येतात, तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. लोक निराशेतून जातात हे मला समजतं. पण पहिल्या साडेचार तासांत तिकडची वाट धरू नका, एवढी कळकळीची विनंती आहे.

गोळ्या किती दिवस, हा तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण इथे एक गैरसमज ठरलेला असतो: "विषाणूने झालं, विषाणू गेला, आता गोळ्या कशाला?" फ्लूने फक्त धक्का दिला. ज्या भिंतीला धक्का बसला ती आधीच कमकुवत होती, आणि ती अजून तशीच आहे. काकांच्या मानेच्या धमन्यांचा डॉपलर किंवा अँजिओग्राफी, हृदयाचा इको, ईसीजी, कोलेस्टेरॉल आणि तीन महिन्यांची सरासरी साखर झाली आहे का ते डिस्चार्जच्या कागदांवर पाहा. झाली नसेल तर करून घ्या. मानेतली धमनी बरीच आकसलेली निघाली तर तिचं ऑपरेशन किंवा स्टेंट, आणि तेही पहिल्या दोन आठवड्यांत झालेलं बरं. कारण सापडलं नाही तर होल्टर हे छोटं यंत्र अंगावर लावून ठोक्यांची नोंद घ्यायला हवी, एक दिवसाची नाही, जमेल तितक्या जास्त दिवसांची. तापात एकदाच ठोके बिघडले आणि ताप गेल्यावर ठीक झाले, असं असलं तरी ते सोडून देऊ नका. असे ठोके कित्येकांत पुन्हा बिघडतात आणि तेव्हा ताप नसतो, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही.

साधारण असं असतं. झटका छोटा असेल तर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही मिळून २१ दिवस, मग त्यातलं एकच कायमचं. एट्रियल फिब्रिलेशन निघालं तर ही औषधं नाही, रक्त पातळ करणारी वेगळी औषधं, तीही बहुतेक वेळा कायमची. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, आणि बीपीची औषधं चालूच. काकांच्या बाबतीत यातलं काय, हे त्यांचे डॉक्टर रिपोर्ट बघून ठरवतील, पण "कोर्स संपला" असं यात काही नसतं. डी-डायमर ही गुठळीचा अंदाज देणारी रक्ततपासणी पुन्हा पुन्हा करून घेऊ नका. कोविडमध्ये तो शब्द घराघरात पोहोचला आणि काही जण बरे झाल्यावरही केवळ त्या आकड्यापायी महिनोन् महिने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत राहिले. वय, संसर्ग, सूज अशा कितीतरी कारणांनी तो वाढतो. लक्षणं नसताना त्या एका आकड्यावर औषध ठरत नाही. साध्या फ्लूच्या रुग्णाने घरी "गुठळी होऊ नये म्हणून" रक्त पातळ करणारी गोळी सुरू करणं तर धोक्याचंच आहे.

तरुणांबद्दल थोडक्यात. बाळंतिणीला किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईला ताप आणि उलट्यांनंतर दोन-तीन दिवस वाढत जाणारी डोकेदुखी, धूसर दिसणं किंवा फिटचे झटके आले, तर मेंदूच्या शिरांमध्ये गुठळी झाली आहे का ते पाहावं लागतं. साधा सीटी यात कधीकधी नॉर्मल येतो, म्हणून शिरांचा वेगळा स्कॅन मागून घ्या. मुलांमध्ये स्ट्रोक फारच विरळ, पण त्यातही सर्दी-तापाचा हात दिसतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अनेक देशांच्या अभ्यासात, स्ट्रोक आलेल्या मुलांपैकी १८ टक्क्यांना आधीच्या आठवड्यात संसर्ग झाला होता, निरोगी मुलांत हे प्रमाण ३ टक्के होतं. आणि ज्यांच्या नेहमीच्या लसी अर्धवट राहिल्या होत्या त्यांना धोका जास्त होता. मुलांना आणि किशोरवयीनांना व्हायरल तापात अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, त्याने रेज सिंड्रोम नावाचा वेगळाच गंभीर आजार होऊ शकतो.

आता आजी. तिला आज-उद्याच डॉक्टरांना दाखवा. घरात फ्लूचा रुग्ण होऊन गेला आहे आणि वय ७८ आहे, म्हणजे फ्लूच्या विषाणूवरचं औषध ओसेल्टामिव्हिर द्यायचं असेल तर ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलेलं चांगलं. तापासाठी पॅरासिटामॉल. तहान लागण्याची वाट न पाहता दर तासा-दोन तासाला अर्धा पेला काहीतरी द्या: कोमट पाणी, पेज, वरणाचं पाणी. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर किती द्यायचं ते विचारून घ्या. तिच्या रोजच्या गोळ्या चालू ठेवा. अपवाद असा की उलट्या-जुलाब होत असतील किंवा बीपी १०० च्या खाली असेल, तर लघवी वाढवणारी आणि बीपीची गोळी थांबवायची का ते फोन करून विचारा, आणि जेवण जात नसेल तर साखरेच्या गोळीचंही विचारा. ती वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर अँटिबायोटिक सुरू करताना ते सांगाच. काही अँटिबायोटिकांनी आणि कमी खाण्यानेही रक्त जास्त पातळ होतं, दोन-तीन दिवसांत आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी, पाहावी लागते. दिवसातून चार वेळा तिला अंथरुणातून उठवून खोलीत दोन फेऱ्या मारायला लावा. आणि दोन हात समोर धरण्याची ती तपासणी रोज दोनदा, पुढचे दोन-तीन आठवडे, खोकला थांबल्यानंतरही.

ती बरी झाली की फ्लूची लस द्या, आणि काकांनाही, त्यांची तब्येत स्थिर झाल्यावर. लसीनेच लकवा येईल ही भीती मला रोज ऐकायला मिळते. सुरुवातीला सांगितलेल्या त्याच ब्रिटिश अभ्यासात फ्लूच्या लसीनंतर स्ट्रोकचा धोका वाढलेला आढळला नाही. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात ४० लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लस घेतलेल्यांमध्ये स्ट्रोक कमी दिसला. लस घेणारी माणसं एरवीही तब्येतीला जपतात, त्यामुळे सगळं श्रेय लसीचं मी देणार नाही. पण फ्लू टळला तर त्याच्या मागून येणारं हेही टळतं, एवढं मी खात्रीने सांगतो. आपल्याकडे लस दर वर्षी पावसाळ्याच्या आधी, मे-जूनमध्ये घेतलेली उत्तम. राहिली तर दिवाळीच्या सुमारास घ्यावी म्हणजे थंडीचा बहर सांभाळला जातो. आजीसाठी न्यूमोनियाची लसही त्याच वेळी डॉक्टरांना विचारा. दोन्ही एकाच दिवशी, दोन वेगळ्या दंडांवर देता येतात. काकांची अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल त्यासाठी बंद करायची गरज नाही, फक्त टोचल्यावर जागा दोन-तीन मिनिटं घट्ट दाबून धरा, चोळू नका.